ब्रेकमावशीचा कॅप्टन

बातमी पहिल्यांदा फुटली ती जिन्यात. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर भोंगाताईनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या, आवाज कुजबुजीवर आणला (तिची कुजबुज म्हणजे तुमच्याआमच्या बोलण्याएवढी) आणि सांगून टाकलं : वरच्या मजल्यावरच्या ब्रेकमावशीनं घरात एक कॅप्टन आणून ठेवलाय. नवऱ्याच्या नाकावर टिच्चून! आणि सासूची त्याला पूर्ण फूस आहे.

"सासूची?" ऐकणारीच्या हातून किल्ल्यांचा जुडगाच पडला.

"अगं, काल जेवताना सासूच विचारत होती, 'आज कॅप्टननं काय केलं?' तर ही म्हणते, 'त्या विधवेचे दागिने लाटले.' आणि नवरा काय म्हणाला माहितीये? म्हणाला, 'भाजी वाढ.'"

भोंगाताई खोटं बोलत नव्हती, हे आधीच सांगून ठेवायला हवं. तळमजल्यावर तिचं फुलांचं दुकान आणि दुकानामागे स्वयंपाकघर. त्या इमारतीतली सगळी स्वयंपाकघरं एकाच हवेच्या झरोक्यावर उघडायची. वर कुणी चमचा पाडला तर खाली तिला कळायचं की तो चहाचा होता की वाढायचा. तेव्हा जे ऐकलं ते तिनं अक्षरशः खरंच ऐकलं होतं. आणि काही आठवड्यांतच पुढची बातमी आली, ती पहिलीला खाऊन टाकणारी : ब्रेकमावशीनं त्या कॅप्टनला मारून टाकलं.

आता ही ब्रेकमावशी कोण, ते सांगतो, नाहीतर तुम्ही भलतीच कुणी नखरेल बाई डोळ्यांसमोर आणाल. बाई पन्नाशीच्या अलीकडची, बुटकी, रुंद, आणि डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा. कारण डाव्या खिडकीतून ऊन यायचं आणि ती जन्मभर त्याच खिडकीशी बसली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकणारा स्टिअरिंगवर, ही शेजारी, आणि हिच्या पायाशी जादा ब्रेक. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. म्हणजे पायाखालून म्हणायला हवं. समोर म्हातारा आला, मारला ब्रेक. कुत्रं आलं, मारला ब्रेक. शिकणाऱ्यानं नुसता मोठा श्वास घेतला तरी हिचा पाय खाली. इतक्या वर्षांत तिच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. पण उजव्या गुडघ्याचं मात्र भुसकट झालं होतं. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, "मावशी, पेडल सोडा. नाहीतर गुडघा तुम्हाला सोडेल."

सोडून करायचं काय? याचं उत्तर तिला कोर्टात मिळालं. एका शिकाऊ माणसानं आपल्या स्वतःच्या गाडीनं फळांच्या गाड्याला धडक दिली आणि शिक्षिका म्हणून हिला साक्षीला बोलावलं. वकील, जज, फळवाला यांच्याकडे हिचं लक्षच नव्हतं. हिची नजर खिळली ती दुभाष्या बाईवर. साक्षीदार आपल्या भाषेत बोलायचा, ती बाई इंग्रजीत सांगायची, वकील इंग्रजीत विचारायचा, ती उलटं करून सांगायची. आणि हे सगळं खुर्चीवर बसून! घरी येऊन मावशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, खुर्ची! दिवसभर! आणि पायाखाली एकसुद्धा पेडल नाही!"

नवरा घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावून कुणाच्यातरी घड्याळाच्या पोटातलं चक्र शोधत होता. "मग हो दुभाषी," असं तो मान वर न करता म्हणाला, आणि तिनं ते मनावर घेतलं.

बोलायचं इंग्रजी तिला येत होतं. परक्या मुलखातून आलेल्या कितीतरी लोकांना तिनं इंग्रजीतून गाडी शिकवली होती, त्यांच्याशी वादही इंग्रजीतच घातले होते. पण कोर्टाची परीक्षा होती अवघड शब्दांची. ज्यांचा उच्चार करताना जबडा दोनदा उघडावा लागतो अशा शब्दांची भलीमोठी यादी. पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षी नापास. तीनच संधी मिळायच्या, चौथीला दार बंद. म्हणजे आता उरली होती एक परीक्षा आणि दीड गुडघा.

तिनं घोकंपट्टीत कसूर ठेवली नव्हती. फ्रिजवर चिठ्ठ्या, आरशावर चिठ्ठ्या, गाडीच्या डॅशबोर्डवर चिठ्ठ्या. नवरा दाढी करताना 'बेनेव्होलंट' वाचायचा आणि सासूबाईंना मिठाच्या बरणीवर 'मॅग्नॅनिमस' भेटायचा. शब्द सकाळी डोक्यात शिरायचे आणि दुपारी, चढावर हाफ-क्लच शिकवताना, गळून जायचे.

तिला वाट दाखवली ती गोळीकाकांनी. हे निवृत्त औषधवाले. आयुष्यभर गोळ्या दिल्या आणि उतारवयात गाडी शिकायला आले, का, तर बायको म्हणाली होती, 'आता तुम्ही काय शिकणार, राहू द्या.' डॅशबोर्डवरच्या चिठ्ठ्या पाहून काका म्हणाले, "मावशी, हे असं चिकटवून काही होत नाही. शब्दांना कामाला लावा. रिकामा बसलेला शब्द पळून जातो."

"कामाला म्हणजे?"

"गोष्ट लिहा. छोटीशीच. इंग्रजीत. रोज आठ-दहा शब्द घ्या, ते त्या गोष्टीत वापरलेच पाहिजेत असं स्वतःला बजावा. शब्दानं एकदा कुणाच्या तरी घरात पाऊल टाकलं ना, की त्याचा पत्ता राहतो तुमच्याजवळ."

"समोर बघा, काका. सिग्नल."

"बघतोय."

"लाल आहे तो." आणि मारला ब्रेक.

पण गोष्ट मनात बसली. त्याच दुपारी, दोन शिकाऊंच्या मधल्या रिकाम्या वेळात, मैदानाच्या कडेला गाडी लावून तिनं पाठकोऱ्या कागदावर पहिली गोष्ट लिहिली आणि बाईला जे काही चढलं म्हणता! एक दयाळू म्हातारा, म्हणजे बेनेव्होलंट. त्याची शांत, सिरीन मुद्रा. तो गाडीतून निघतो. रस्त्यात एक पोर धावत येतं... लिहिता लिहिता तिला घाम फुटला. म्हाताऱ्यानं वेळेवर गाडी थांबवली. पोर वाचलं. सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले. समाप्त.

शब्द मात्र राहिले की हो डोक्यात! संध्याकाळी राहिले, दुसऱ्या दिवशीही राहिले. मग तर तिला चटकच लागली. चोराची गोष्ट, आगीची गोष्ट, घाटात अडकलेल्या बसची गोष्ट. गोष्टींचा नुसता सपाटा. पंधरा दिवसांनी तिनं सराव-परीक्षेचा पेपर सोडवला, मोठ्या थाटात तपासला, आणि तोंड पाडून बसली. निम्मे शब्द बरोबर. निम्मे साफ चूक.

तिनं सगळ्या गोष्टी गोळीकाकांच्या हातात ठेवल्या. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, कारण काकांना वाचायला देऊन गाडी चालू ठेवण्याइतकी ती बेफिकीर नव्हती. काकांनी सगळ्या वाचल्या. चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"मावशी, राग मानू नका. तुमच्या गोष्टींत काही घडतच नाही."

"घडत नाही कसं? बस दरीच्या अगदी तोंडाशी जाते!"

"आणि थांबते."

"मग काय पडू देऊ?"

"चोर तिजोरीला हात लावतो..."

"आणि पोलीस येतात."

"आगीची काडी पेटते..."

"ती विझते. वाऱ्यानं."

काकांनी तिच्या पायाकडे बोट दाखवलं. इंजिन बंद, गाडी उभी, आणि बाईचा उजवा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला. "तुम्ही गोष्टीतसुद्धा हेच करताय," ते म्हणाले.

ती एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आणि हसता हसता तिनं पेपर पुन्हा पाहिला, तेव्हा खरं काय ते लख्ख दिसलं. बरोबर आलेले शब्द सगळे सद्गुणी होते. दयाळू, शांत, उदार, समंजस. चुकले होते ते सगळे वाईट चालीचे. दगाबाजी, अफरातफर, तोतयेगिरी, चोरटेपणा, फरार होणं. त्यांना तिच्या गोष्टींत कधी काम मिळालंच नव्हतं. दाराशी येऊन उभे राहायचे आणि ही ब्रेक मारायची.

"आणि कोर्टाच्या यादीत तेच जास्त," ती कपाळावर हात मारत म्हणाली. "साहजिकच आहे म्हणा. कोर्टात कुणी चांगलं वागल्याबद्दल येतं का?"

आता रोग कळला, पण औषध जमेना. त्या दिवशी ती घरी आली ती एक खलनायक तयार करायचा असं ठरवून. बसली. दगाबाज माणूस लिहायला घेतला. त्यानं मित्राचे पैसे घेतले आणि चौथ्या ओळीत परत केले. खोडलं. पुन्हा लिहिलं. या वेळी त्यानं परत केले नाहीत, पण रात्रभर रडला. बाईचा हात पुढे सरकेचना. जिनं आयुष्यभर वाईट घडायच्या आधीच पाय दाबला तिला वाईट घडवायला सांगणं म्हणजे माशाला झाडावर बसवणं.

"काय चाललंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

या सासूबाई म्हणजे एक प्रकरणच होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. पाठ अजून खुर्चीत बसल्यासारखी ताठ. सुनेशी त्यांचं भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. चहा हवा का, औषध घेतलंत का, दार लावलं का, यापलीकडे दोघींची गाडी इतक्या वर्षांत दुसऱ्या गिअरमध्ये गेली नव्हती.

"माणूस हवाय एक. वाईट," सून म्हणाली. "लिहिता येत नाहीये."

सासूबाईंनी खुर्ची ओढली. दाराकडे एकदा पाहिलं. आणि म्हणाल्या, "किती वाईट हवाय?"

अहो, त्या प्रश्नात काय होतं म्हणून सांगू! ज्या बाईनं तीस वर्षं कानाला हेडफोन लावून गावाचे सगळे फोन जोडले, तिला माणसाच्या कुठल्या पापाची माहिती नसेल? कायद्यानं ऐकायचं नसतं. पण लाइन लागली की नाही हे पाहायला क्षणभर ऐकावं लागतंच, आणि सासूबाईंचा क्षण जरा ऐसपैस असायचा. नावं त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, आताही सांगितली नाहीत. पण कृत्यं? कृत्यांवर काही शपथ नव्हती.

"एक होता," त्या म्हणाल्या. "फोनवर सगळीकडे स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा. कसला कॅप्टन! त्याच्याकडे होडीसुद्धा नव्हती."

"म्हणजे इम्पोस्टर! तोतया!" सुनेनं टुणकन कागद ओढला.

"हां. आणि एकाच वेळी तीन बायकांना लग्नाचं वचन."

"पर्फिडियस! दगाबाज! थांबा, थांबा, हळू सांगा."

"आणि क्लबचे पैसे याच्या ताब्यात. ते हळूहळू स्वतःच्या खिशात."

"एम्बेझल!"

"आणि मग एके दिवशी सकाळच्या बोटीनं पसार."

"अॅब्सकाँड!" सून उभीच राहिली. गुडघा करकरला, पण तिला शुद्ध कुठे होती! "आई, तुम्ही हे सगळं इतकी वर्षं पोटात ठेवलंत?"

"तू कधी विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या घराचं रूपच पालटलं. आधी जेवताना तिघांच्या तीन दिशा असायच्या. आता ताट वाढायच्या आत सासूबाईंचा सवाल हजर : "आज कॅप्टननं काय केलं?" आणि सून गोष्ट वाचायची, म्हणजे इंग्रजी वाचून मध्येमध्ये आपल्या भाषेत फोड करायची. सासूबाई मागणी नोंदवायच्या. "फारच सौम्य वागला आज. त्या विधवेला धमकी दे." की धमकी, जबरदस्ती, 'कोअर्शन', सगळं रांगेनं हजर. घड्याळजीसुद्धा हळूहळू ओढला गेला. त्याचे आक्षेप त्याच्या धंद्याचे. "नऊच्या बोटीनं तो पळाला म्हणतेस, मग साडेआठला विधवेकडे कसा? बंदर पाऊण तासाच्या अंतरावर आहे असं तूच परवा लिहिलंस." झालं, त्यावरून माय-लेकांची जुंपायची. शेवटी बोट साडेनऊला सुटायची.

आणि शब्द! शब्द असे चिकटले की निघता निघेनात. आता पायही ब्रेककडे कमी धावायचा. कॅप्टननं खोटी सही केली तेव्हा तिनं दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले आणि त्याला करू दिली. गाडीतही ती बडबडायची. समोर रस्ता, शेजारी घामाघूम झालेला शिकाऊ, आणि ही खिडकीबाहेर पाहत, "क्लँडेस्टाइन... चोरून, लपून... कॅप्टन मागच्या दारानं आला..." एका पोरीनं घाबरत विचारलं, "मावशी, क्लँडेस्टाइन म्हणजे कितवा गिअर?"

"रिव्हर्स," गोळीकाका मागच्या सीटवरून म्हणाले. त्यांचा नंबर पुढचा होता.

हे सगळं झरोक्यातून रोज खाली पडत होतं आणि खाली भोंगाताई झेलत होती. फुलांच्या दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ. प्रत्येक गुच्छाबरोबर एक बातमी फुकट. आठवड्याभरात अख्ख्या रस्त्याला ठाऊक झालं की, घड्याळजीच्या घरी एक लफंगा कॅप्टन येतो, मागच्या दारानं येतो, त्यानं कुण्या विधवेला नागवलंय, आणि सासू त्याला आणखी चढवते. आता त्या इमारतीला मागचं दार नव्हतं. पण एवढं कोण तपासतो?

आणि एक दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं तिला ऑफिसात बोलावलं. भला माणूस, पण बायकोला आणि गिऱ्हाइकाला घाबरणारा.

"मावशी, तुमचं घर तुमचं. मी कधी काही विचारलंय? पण दोन मुलींच्या आया म्हणाल्या, आम्हाला दुसरी शिक्षिका द्या. तो कोण कॅप्टन म्हणतात..."

मावशीच्या ओठावर सगळं आलं होतं. एका वाक्यात मिटलं असतं. पण ते वाक्य काय होतं? 'मी तुमची नोकरी सोडायची परीक्षा देतेय.' उद्याच दुसरी बाई नेमली असती त्यानं. आणि परीक्षेत पुन्हा आपटी खाल्ली तर? ना खुर्ची, ना पेडल. शिवाय दोनदा नापास झालेली तिसऱ्यांदा बसतेय हे एकदा रस्त्यावर गेलं की फुलांच्या गुच्छाबरोबर तेही वाटलं गेलं असतं.

"तसलं काही नाही," एवढंच ती म्हणाली. कान लाल झाले होते. मालकाला वाटलं, म्हणजे आहेच.

ती घरी आली ती फणफणत. पर्स फेकली, कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहायला लागली. कॅप्टन गाडीत बसला. घाटाचा उतार. वळण. गाडीचा वेग वाढला. खाली दरी. आणि खरं सांगतो, त्या बाईचा उजवा पाय जमिनीवर जसा होता तसा राहिला. बोटंसुद्धा हलली नाहीत. गाडी कठडा तोडून गेली. आयुष्यातला पहिला अपघात! तिनं पेन ठेवलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे हो. आनंदाचा!

"आई! टाकला त्याला!"

"कुणाला?" सासूबाई धावत स्वयंपाकघरात आल्या.

"कॅप्टनला. मारून टाकला. गाडीसकट दरीत!"

"मारून टाकलंस?" सासूबाई किंचाळल्याच. "अगं बाई, मला विचारायचं तरी! अजून किती कामाचा होता तो! पश्चात्ताप राहिला होता त्याचा, माफी राहिली होती, तुरुंग राहिला होता!"

"पुरे झाला. त्याच्यापायी माझी अब्रू चालली."

खाली भोंगाताईच्या हातातली कात्री गुलाबाच्या देठावर तशीच राहिली.

दोन दिवसांनी मावशीचा थोरला भाऊ दारात. परगावाहून आलेला, हातात बॅग, चेहरा असा की जणू बँकेतच दरोडा पडलाय. नोकरीलाही होता बँकेतच. आत आला, पाणी नको म्हणाला, चहा नको म्हणाला, आणि मेव्हण्याकडे दयेनं पाहून बहिणीला म्हणाला, "कुठाय तो?"

"कोण, दादा?"

"मला खेळवू नकोस. कॅप्टन."

"तो? तो मेला परवा."

दादा खुर्चीत बसला. म्हणजे खुर्ची होती म्हणून, नाहीतर जमिनीवरच बसला असता. "मेला? कसा?"

"मीच मारला," बहीण शांतपणे म्हणाली. तिलाही आता गंमत वाटायला लागली होती.

"भाऊजी! तुम्ही काय करत होता?"

"मी वेळ तपासली," घड्याळजी भिंग न काढता म्हणाला. "उतारावर त्या वेगानं एवढाच वेळ लागतो. बरोबर आहे तिचं."

"आणि तुम्ही? आई, तुम्ही घरात असताना?"

"मी नको म्हणत होते," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझं कोण ऐकतं या घरात! मीच आणला होता त्याला."

दादाला शेवटी तो कागदांचा गठ्ठा हातात दिला तेव्हा कुठे त्याचा श्वास परत आला. बँकेतला माणूस, इंग्रजी पक्कं. पहिली गोष्ट वाचली, दुसरी वाचली, मग चहा मागितला, मग पाणी मागितलं. अंधार पडेपर्यंत तो वाचत होता आणि मध्येच मांडीवर थाप मारत होता. शेवटी म्हणाला, "बाई गं, माणूस हलकट आहे, पण मजा आणतो." आणि परीक्षा होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, अशी त्याला सासूबाईंनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली.

परीक्षेच्या सकाळी दादाच तिला घेऊन गेला. गाडी तो चालवत होता, ती शेजारी. रस्ताभर तिचा पाय मोकळ्या जागेत दाबला जात होता. दादा शेवटी म्हणाला, "माझं लायसन्स तुझ्या लग्नाच्या आधीचं आहे."

"तेच दिसतंय," ती म्हणाली.

पेपर उघडला. शब्दांचे प्रश्न तिनं भराभर उडवले. पुढे होता साक्षीदाराचा जबाब, तो इंग्रजीत करायचा. दोन भागीदारांचं दुकान. एकानं दुसऱ्याला फसवलं, खोट्या सह्या केल्या, पैसे लाटले, गाव सोडून पळाला, दुसऱ्या गावात दुसऱ्याच नावानं राहिला. मावशी वाचत गेली. एकेका ओळीला तिला एकेक दुपार आठवायची, सासूबाईंचा तो खास आवाज आठवायचा आणि शब्द आपणहून पुढे यायचा, मी आलोय, लिही मला. तिचं पेन नुसतं पळत होतं. शेजारची मुलगी वळून बघायला लागली, कारण ही बाई परीक्षेत हसत होती.

शेवटची ओळ. 'पकडल्यावर त्याला पश्चात्ताप झाला.'

पेन थांबलं.

पश्चात्ताप. यादीत होता तो शब्द. कुठल्या पानावर, कुठल्या कोपऱ्यात, तेही दिसत होतं. पण शब्द काही येईना. कॅप्टनला तिनं पश्चात्ताप होऊच दिला नव्हता, त्याच्या आधीच दरीत ढकलला होता. तिनं डोळे मिटले, त्याला दरीतून वर काढून पाहिला, अंगावरची धूळ झटकून त्याला उभा केला, पण तो निगरगट्ट नुसता बघत राहिला. घंटा वाजायला आली. शेवटी तिनं लिहिलं, 'त्याला फार फार वाईट वाटलं', अगदी शाळकरी इंग्रजीत, आणि पेपर देऊन टाकला.

घरी सासूबाई दारातच होत्या. "कसा गेला?"

"पश्चात्ताप नाही आला."

"मी सांगत होते!" सासूबाई म्हणाल्या. "मी सांगत होते की नाही?" आणि पुढचे काही आठवडे त्यांनी सुनेला भात वाढताना, दार उघडताना, औषध घेताना तेवढं एकच वाक्य ऐकवलं.

निकाल लागला तेव्हा कोर्टाच्या फलकासमोर ही गर्दी. गोळीकाका तिला आणायला गेले होते, स्वतः गाडी चालवत, स्वतःच्या लायसन्सवर. शेजारी बायको बसली होती आणि तोंड मिटून होती, यातच सगळं आलं. मावशीनं यादी खालून वाचायला घेतली, कारण वरून वाचायची छाती नव्हती. खालून तिसरं नाव तिचं होतं. तिनं ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, बोट ठेवून पाहिलं, आणि त्या दीड गुडघ्यावर अशी उडी मारली की शेजारचा वकील फाइलसकट बाजूला झाला.

"पास! अहो काका, पास!"

"हळू, मावशी," काका म्हणाले. "ब्रेक."

"गेला ब्रेक उडत!" ती म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत सासूबाईंना फोन करायला धावली.

महिन्याभरात ती कोर्टात रुजू झाली. तिथे तिला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, पेडल नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं निरोप दिला तेव्हा त्याच्या बायकोनं तिला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "आता सांगा ना, तो कॅप्टन खरंच कोण होता?" भोंगाताईनं तर दुकानात अजून तोच विषय चालू ठेवलाय, फक्त आता तिच्या म्हणण्यात कोर्टाची नोकरी त्या कॅप्टनच्याच ओळखीनं लागली.

तर खरं असं आहे. कॅप्टन नावाचा कुणी माणूस त्या घरात कधी आला नाही आणि कुणी मेलंही नाही. ब्रेकमावशीला परीक्षेसाठी इंग्रजी शब्द लक्षात ठेवायचे होते, म्हणून ती गोष्टी लिहायची, आणि कॅप्टन त्या गोष्टींतला माणूस होता.